ट्यूडर घराणे आणि आमची इमादशाही

वर्धेच्या काठी कौंडण्यपुरास गेलो म्हणजे रुक्मिणीच्या माहेराची कथा आम्ही अभिमानाने सांगतो; पण पुढच्या काळातील वऱ्हाडाविषयी कोणी विचारले की आमची वाणी अडखळते. सहा राण्या करणारा इंग्लंडचा आठवा हेन्री आम्हांस ठाऊक असतो, अचलपूरचे इमादशहा मात्र नसतात. म्हणून ही दोन्ही घराणी आज शेजारी ठेवून पाहू.

सन १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड पडला आणि सातव्या हेन्रीपासून ट्यूडर घराणे सुरू झाले. पाचच वर्षांनी, १४९० मध्ये, बहमनी राज्य मोडकळीस आले असता वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला. तो मूळचा विजयनगरकडील हिंदू कुळातला, बालपणी पकडला गेलेला, असे फिरिश्ता सांगतो. हेन्रीने तांबड्या व पांढऱ्या गुलाबांचे मिळून एक चिन्ह केले. इकडे गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दुतोंडी गंडभेरुंड आजही पाहावयास मिळतो.

बालराजाचा प्रसंग दोन्ही घराण्यांवर आला. १५४७ मध्ये सहावा एडवर्ड नवव्या वर्षी राजा झाला. कारभाऱ्यांत चुरस लागली, त्याचा मामा सॉमरसेट याचा १५५२ मध्ये शिरच्छेद झाला. तरी पार्लमेंट व न्यायालये चालूच राहिली. इकडे १५६२ च्या सुमारास बुऱ्हाण इमादशहा लहान वयात गादीवर आला. वजीर तुफालखानाने त्याला नरनाळ्यावर कोंडले. त्याच्या सुटकेचे निमित्त अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहास मिळाले आणि १५७४ मध्ये त्याने वऱ्हाड घशात घातले. बुऱ्हाण मात्र कैदीच राहिला.

उलट १६०३ मध्ये राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारली, तेव्हा स्कॉटलंडचा जेम्स लढाईवाचून इंग्लंडच्या गादीवर बसला. हा भेद शौर्याचा नव्हे. तेथे राजा गेला तरी राज्यकारभाराची घडी उरत होती. येथे एका माणसाच्या मुठीत सारे राज्य होते.

याच राणीने ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीस सनद दिली. त्या कंपनीच्या फौजेने १८०३ मध्ये गाविलगड सर केला आणि १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. दूरचा म्हणून वाचलेला इतिहास असा आमच्या दारी आला. आज राज्य आमचे आहे. म्हणून कर्त्या पुरुषाचा जयजयकार करताना त्याच्यामागे टिकतील अशा संस्था उभ्या आहेत की नाहीत, हे पाहणेही आमचेच काम आहे.