मागून आणलेली गाडी आणि जोतिबाची यात्रा

चैत्र पौर्णिमेला मुरगूडहून जोतिबाला जायचं, तर पाव्हण्यांची अल्टो मागून आणली जाते. किल्लीबरोबर आरसी, विमा, पीयूसी बघून घ्या. समोरच्याला इजा झाली तर थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर असतो. चालवणाऱ्याकडे परवाना मात्र हवाच. पण मागून नेणाऱ्याला स्वतःला इजा झाली, तर त्याला थर्ड पार्टी म्हणून भरपाई मागता येत नाही. असा माणूस मालकाच्याच जागी येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा खटल्यात म्हटलं. घरच्या कर्त्याने हे निघण्याआधीच जाणून घ्यावं. वाटेत भाड्याने माणसं घेऊ नका. खासगी विम्यात ते बसत नाही. सासनकाठ्यांवर उधळलेला गुलाल सीटच्या शिवणींत शिरतो, म्हणून जुनी चादर अंथरा. गाडी झाडून, तेल भरूनच परत द्या.