जीवाणूंचे विकर आणि रक्ताचा कर्करोग

कर्करोगावरील बहुतेक जुनी औषधे विषासारखी काम करतात. झपाट्याने विभागणारी पेशी ती मारतात, मग ती अर्बुदातील असो, केसाच्या मुळातील असो वा आतड्याच्या अस्तरातील. रोगी आणि निरोगी पेशींत असा काही रासायनिक भेद आहे काय, की ज्याच्या आधारे केवळ पहिलीवर घाव घालता यावा? ॲस्परॅजिनेज या विकराने, म्हणजे एन्झाइमने, या प्रश्नाला मर्यादित पण खरे उत्तर दिले.

1953 साली न्यूयॉर्क येथे जॉन किड उंदरांतील लिंफोमा या अर्बुदावर प्रतिपिंडांचे प्रयोग करीत होते. त्यांत पूरक द्रव्य म्हणून गिनिपिगचा रक्तरस वापरला जाई. नुसता हा रक्तरस टोचला तरी अर्बुदे विरतात, असे त्यांना आढळले. घोड्याचा वा सशाचा रक्तरस मात्र निष्प्रभ ठरला. गिनिपिगच्या रक्तात ॲस्परॅजिनेज असते, ही गोष्ट क्लेमेंटी यांनी 1922 मध्येच नोंदवून ठेवली होती. परंतु त्या विस्मृत नोंदीचा या घटनेशी असलेला संबंध 1961 नंतर जॉन ब्रूम यांनी उलगडला. ॲस्परॅजिनविरहित माध्यमात वाढू शकणाऱ्या अर्बुदपेशी या रक्तरसाला दाद देत नाहीत, हे त्यांनी दाखविले आणि कोडे सुटले.

ॲस्परॅजिन हे प्रथिनांच्या घडणीत लागणारे एक अमिनो अम्ल. 1806 मध्ये ते प्रथम आपल्या शतावरीच्याच प्रजातीतील ॲस्परॅगस या भाजीच्या रसातून मिळविण्यात आले. शरीरातील बहुतेक पेशी ते स्वतः तयार करतात. तीव्र लसीकापेशीय ल्यूकेमियाच्या पेशींत मात्र ही क्षमता अत्यल्प असते. त्या रक्तातील आयत्या पुरवठ्यावर जगतात. ॲस्परॅजिनेज रक्तातील ॲस्परॅजिनचे विघटन करून त्याचे ॲस्पार्टिक अम्ल व अमोनिया बनविते. पुरवठा तुटला की परावलंबी पेशी उपाशी मरते.

गिनिपिगांच्या रक्तावर रुग्णालये चालणे शक्य नव्हते. 1964 मध्ये मॅशबर्न व रिस्टन यांनी आपल्या आतड्यात राहणाऱ्या एशेरिकिया कोलाय या जीवाणूचे ॲस्परॅजिनेजही अर्बुदावर गुणकारी असल्याचे दाखविले. या जीवाणूत अशी दोन विकरे असतात. त्यांपैकी ॲस्परॅजिनचे प्रमाण अत्यल्प असतानाही त्याला पकडणारे तेवढे उपयोगी, दुसरे निरुपयोगी. विक्रिया तीच असली, तरी औषध तेच ठरत नाही. ही बाब नव्या सूक्ष्मजंतूंतून विकरे शोधणाऱ्यांनी सदैव ध्यानात ठेवावी.

1978 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. इतर औषधांच्या जोडीने ते बालकांच्या उपचाराचा आधारस्तंभ बनले. परंतु जीवाणूचे प्रथिन शरीराला परकेच असते. काही मुलांना ॲलर्जी होते. स्वादुपिंडाचा दाह, यकृताचे विकार व रक्त गोठण्यातील बिघाडही उद्भवू शकतात. ॲलर्जी झाल्यास वनस्पती कुजविणाऱ्या एर्विनिया या जीवाणूचे विकर देतात. त्याची ठेवण निराळी असल्याने पहिल्याविरुद्धचे प्रतिपिंड त्याला सहसा अडवीत नाहीत. विकराला पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडून ते रक्तात अधिक काळ टिकविण्याची युक्तीही 1994 पासून प्रचारात आहे.

सर्वांत फसवा धोका मात्र निराळा आहे. कधी प्रतिपिंडे कोणतेही बाह्य लक्षण न दाखविता विकर निकामी करतात. सुई टोचली जाते, नोंदवहीत मात्रा लिहिली जाते, आणि रक्तातील ॲस्परॅजिन जसेच्या तसे राहते. औषध मुळातच कमी क्रियाशील असले तरी हेच घडते. भारतात मिळणाऱ्या काही तयार औषधांची क्रियाशीलता अपेक्षेहून कमी असल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणून मात्रा दिल्यावर काही दिवसांनी रक्तातील विकराची क्रियाशीलता मोजतात. ती प्रति मिलिलिटर निदान 0.1 एकक असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याखाली गेल्यास औषध बदलावे लागते.