‘चावी’ आणि ‘शाव्ह’

कृष्णाकाठच्या उंब्रज येथील विद्यार्थ्यास लिस्बनच्या हॉटेलात उतरण्यापुरती पोर्तुगीज भाषा शिकावयाची झाल्यास काही शब्द त्याच्या घरातच सापडतात. गोव्यात १५१० ते १९६१ पर्यंत राहिलेल्या पोर्तुगीजांच्या संपर्कातून चावी, साबण, बालदी हे शब्द मराठीत आले. तथापि तेथे खोलीची किल्ली ‘शाव्ह’ या नावाने मागावी लागते. पोर्तुगालच्या प्रमाण उच्चारात चकाराचा पुढे शकार झाला, मराठीने मात्र जुना चकार जतन केला. अर्थही सरकले आहेत : ‘पगार’ या शब्दाचे मूळ ‘पैसे देणे’ या अर्थाचे क्रियापद होय. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’, तर स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणावे. ‘आलो-आले’ म्हणणाऱ्यास हा भेद परका नाही. सारांश, उसने शब्द ओळख पटवितात. उच्चार व अर्थ मात्र नव्याने शिकावे लागतात.