राडारोड्याचा परतीचा प्रवास : बांधकाम उद्योगातील उलट पुरवठा आणि त्याचे मूल्यमापन

वस्तू उत्पादकाकडून ग्राहकाकडे जाते, हा पुरवठा-साखळीचा परिचित प्रवाह होय. उपयोग संपल्यावर तीच वस्तू, तिचे भाग किंवा तिचे द्रव्य पुन्हा वापरात आणण्यासाठी जी विरुद्ध दिशेची व्यवस्था उभारावी लागते, तिला 'रिव्हर्स लॉजिस्टिक्स' असे म्हणतात; मराठीत तिला 'परतीचा पुरवठा' म्हणता येईल. बांधकाम उद्योगात ही संकल्पना विशेष अडचणीची ठरते. रिकामी बाटली कारखान्याकडे परत जाऊ शकते. इमारत मात्र जागेवरच घडते, अनेक दशके उभी राहते आणि ती पाडली जाते तेव्हा मूळ पुरवठादार बहुधा दृष्टिआड झालेला असतो.

परतीचे मार्ग मुख्यत्वे दोन आहेत. पहिल्यात दार, तुळई, वीट आपल्या रूपासह परत येते. दुसऱ्यात रूप मोडून केवळ द्रव्य उरते, उदाहरणार्थ, काँक्रीट चुरून केलेली खडी. अवतरण आणि आत्मसातीकरण यांतील भेद जाणणाऱ्या तौलनिक अभ्यासकाला हा फरक अपरिचित वाटणार नाही. कलेतिहासात पहिल्या प्रकाराला 'स्पोलिया' ही संज्ञा आहे. दिल्लीच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या पूर्वद्वारावरील फारसी शिलालेख २७ मंदिरांच्या सामग्रीचा निर्देश करतो आणि तेथील कोरीव खांबांचे पूर्वरूप आजही ओळखता येते. ते स्थलांतर सत्तेचे कृत्य होते, व्यापारी व्यवहार नव्हे. तथापि रूप टिकले की पूर्वार्थही टिकतो, हे त्यातून स्पष्ट होते. खडीला असा पूर्वार्थ उरत नाही.

कोणता मार्ग खुला राहील, हे पुष्कळदा बांधणीच्या वेळीच ठरते. चुन्यातील वीट हाताने साफ करून पुन्हा वापरता येते. सिमेंट विटेला इतके घट्ट धरते की ती सोडवताना फुटते. म्हणूनच जुन्या वाड्याला परतीच्या बाजारात जे मोल येते, ते आधुनिक चौकटीच्या इमारतीला येत नाही. भारतीय शहरांत पाडकामाचा ठेकेदार अनेकदा मालकालाच पैसे देऊन इमारत 'घेतो' आणि दारे, खिडक्या, लोखंड विकून नफा काढतो. नियमांची भाषा ज्याला 'कचरा' म्हणते, त्यालाच बाजाराची भाषा 'माल' म्हणते.

उरतो तो राडारोडा. तो जड असतो आणि वजनाच्या मानाने त्याला मोल अल्प. त्यामुळे वाहतुकीचे अंतर वाढले की व्यवहार आतबट्ट्याचा होतो. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडातील जोड मनोरे काही सेकंदांत कोसळले. मागे सुमारे ८० हजार टन राडारोडा राहिला आणि तो हलविण्यास महिने लागले. परतीच्या पुरवठ्यातील काळाचे हे व्यस्त प्रमाण बोलके आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्यांवर वर्गीकरणाची जबाबदारी टाकली. त्याच वर्षी आयएस ३८३ या मानकाने पुनर्प्रक्रियित काँक्रीटच्या खडीला मर्यादित मान्यता दिली : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, तर एम २५ पर्यंतच्या सलोह काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी मोठ्या प्रकल्पांच्या उत्पादकांवर विस्तारित जबाबदारीही आणली.

आता प्रश्न मूल्यमापनाचा. पुरवठा-साखळीची कामगिरी सामान्यतः खर्च, वेळ, गुणवत्ता व विश्वासार्हता या निकषांवर मोजली जाते. परंतु ही मोजणी किल्ल्या ग्राहकाच्या हाती पडताच थांबते. त्यानंतरचा खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या खात्यावर जातो : भराव पडलेल्या नाल्याच्या, धूळ श्वासात घेणाऱ्या वस्तीच्या, विटा साफ करणाऱ्या रोजंदारीच्या मजुराच्या. माल वर्गवार वेगळा करण्याचे कौशल्य याच मजुराकडे असते आणि परतलेल्या मालाची गुणवत्ता त्यावर अवलंबून असते. तरीही साखळीच्या आराखड्यात त्याला क्वचितच स्थान मिळते. परतीचा पुरवठा कामगिरीच्या व्याख्येत समाविष्ट करणे म्हणजे हिशेबाची मर्यादा इमारतीच्या अखेरीपर्यंत नेणे होय. तसे झाल्यास बांधतानाच ती कशी सोडवता येईल, याचाही विचार करावा लागेल.