नोटाबंदी आणि पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्टा

८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून भारत सरकारने ५०० व १००० रुपयांच्या नोटा चलनातून बाद केल्या. मूल्याने या नोटा एकूण चलनाच्या सुमारे ८६ टक्के होत्या. पिंपरी, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या निर्णयाची झळ कायम कामगारांपेक्षा रोखीने मजुरी घेणाऱ्या कंत्राटी व रोजंदारी कामगारांना अधिक बसली.

रोखटंचाई

बचत खात्यातून आठवड्याला २४,००० रुपये, तर लघुउद्योजकांना चालू खात्यातून ५०,००० रुपये काढण्याची मर्यादा होती. एवढ्या रोख रकमेत मजुरी, वाहतूक व किरकोळ खरेदी भागवावी लागे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाल्याने, अशा बँकांत खाते असलेल्या ग्रामीण शेतकऱ्यांचीही अडचण झाली.

नागरिकांचे उपाय

रोजंदारीवरील कामगारास नोटा बदलण्यासाठी रांगेत उभे राहणे म्हणजे एका दिवसाचा खाडा होता. नव्या २००० रुपयांच्या नोटेचे सुटे मिळणेही कठीण होते. त्यामुळे किराणा दुकानातील वही, खाणावळीची उधारी आणि एका खोलीत राहणाऱ्यांनी एकत्र केलेला खर्च यांवर अनेकांनी दिवस काढले. काम घटल्यावर काही परप्रांतीय कामगार गावी परतले.

पुढील बदल

२८ डिसेंबर २०१६ च्या अध्यादेशाने कामगाराच्या लेखी संमतीविना वेतन धनादेशाने किंवा खात्यात देण्याची मुभा मिळाली. बचत खात्यांवरील मर्यादा १३ मार्च २०१७ रोजी उठली.