महासाथीतील घरबाजार : सवलत कोणाला?

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मुंबईतील दस्तनोंदणी जवळजवळ ठप्प झाली. बाजार सावरावा म्हणून महाराष्ट्र शासनाने १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क घटवले. मुंबईत ५ टक्क्यांचा दर डिसेंबरअखेर २ टक्के आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के राहिला. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून ४ टक्क्यांवर असल्याने गृहकर्जही स्वस्त झाले होते. मुदत संपत आली तशी दस्तांची संख्या झपाट्याने वाढली.

ही सारी वाढ नव्या मागणीची मानता येत नाही. पुढे कधीतरी घर घेणाऱ्यांनीही सवलतीसाठी घाई केली. शिवाय शुल्क भरून सही केलेला दस्त चार महिन्यांत नोंदवता येतो. त्यामुळे नोंदणीच्या महिन्यावरून खरेदीचा महिना ठरत नाही.

लाभाची वाटणीही पाहावी लागते. ३ टक्क्यांच्या सवलतीत ३० लाखांच्या घरामागे ९० हजार रुपये वाचले, तर ३ कोटींच्या घरामागे ९ लाख. शेजारच्या कर्नाटकाने सवलत प्रथमच नोंदल्या जाणाऱ्या स्वस्त सदनिकांपुरती ठेवली : २० लाखांच्या आत २ टक्के, ३५ लाखांपर्यंत ३ टक्के. म्हणजे कोल्हापुरात महागडे घर घेणाऱ्याला सूट मिळाली, बेळगावात मिळाली नाही. दोन्हीकडच्या भाडेकरूंच्या हाती मात्र या सवलतीतून थेट काही पडले नाही.

म्हणून केवळ दस्त मोजून भागत नाही. ते कोणत्या किंमतीच्या घरांचे होते, हेही पाहिले पाहिजे.