शब्दशः कोण वाचतं?

कतारमध्ये ख्रिस्ती लोकांचा रविवार शुक्रवारी येतो. देशाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे दोह्याच्या मेसैमीर भागातल्या धर्मसंकुलात खरी गर्दी शुक्रवारी असते. फाटकावर तपासणी होते. आत शिरल्यावर फिलिपिनो, मल्याळी, गोवेकर, लेबनानी अशी माणसं आपापल्या चर्चकडे पांगतात. इमारतींवर बाहेरून क्रूस दिसत नाही, घंटा वाजत नाही.

या संकुलासाठी जमीन दिली ती तेव्हाचे अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी. त्याआधी घराघरांत, गाजावाजा न करता प्रार्थना होत असत. मार्च २००८ मध्ये इथल्या रोझरी मातेच्या कॅथलिक चर्चचा अभिषेक झाला, तो कार्डिनल आयव्हन डायस यांच्या हस्ते. डायस मूळचे मुंबईचे. १९९६ ते २००६ या काळात ते मुंबईचे आर्चबिशप होते. पुढे २०१३ मध्ये शेजारीच अँग्लिकनांचं एपिफनी चर्च उभं राहिलं आणि त्याच्या दालनांत अनेक लहानमोठ्या प्रोटेस्टंट मंडळ्या आळीपाळीने जमू लागल्या. केरळच्या मार थोमा, सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया), पेंटेकोस्टल वगैरे पंथांची वेगळी इमारत आहे. ज्या मतभेदांवरून युरोपात शंभर वर्षं रक्त सांडलं, ते इथे एकाच कुंपणाच्या आत नांदतात.

प्रोटेस्टंट पवित्र शास्त्र शब्दशः मानतात, कॅथलिक मात्र ते सैलपणे वाचतात, असा समज सहज होतो. तो अर्धवट आहे, आणि शुक्रवारच्या उपासनेपासूनच तो डळमळू लागतो. दहा आज्ञांमधला शब्बाथ हा सातवा दिवस, म्हणजे शनिवार. अक्षराला धरून चालायचं तर शुक्रवारही चुकीचा आणि रविवारही. कॅथलिक म्हणतात, प्रेषितांच्या काळापासून चर्चने पुनरुत्थानाचा दिवस पाळला आहे आणि तसं ठरवण्याचा अधिकार चर्चला आहे. म्हणूनच आखातात रविवारची मिस्सा शुक्रवारीही होऊ शकते. बहुतेक प्रोटेस्टंटही रविवार पाळतात, पण आधार शोधतात तो नव्या करारात. शनिवारच हवा असं ठामपणे म्हणतात ते सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. कोकणातल्या बेने इस्रायलींना ‘शनवार तेली’ हे नाव पडलं तेही याच आज्ञेमुळे, कारण त्या दिवशी त्यांचे घाणे बंद असत.

भाकरीच्या प्रश्नात तर बाजू सरळ उलटतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर हाती घेऊन ती आपलं शरीर असल्याचं सांगितलं. इथे शब्दशः वाचणारे आहेत कॅथलिक. मिस्सेत भाकरीचं रूप आणि चव तशीच राहते, पण तिचं मूळ सत्त्व ख्रिस्ताचं शरीर होतं, ही श्रद्धा ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्ये पुन्हा ठामपणे मांडली. योहानाच्या सहाव्या अध्यायात हे बोलणं असह्य वाटून पुष्कळ शिष्य सोडून गेले. हा केवळ दृष्टान्त असता तर येशूने त्यांना थांबवून तसं सांगितलं नसतं का, असा कॅथलिकांचा सवाल असतो. त्यावर अनेक प्रोटेस्टंटांचं उत्तर तयार असतं: येशूने स्वतःला दार म्हटलं, द्राक्षवेलही म्हटलं, ते कोणी अक्षरशः घेत नाही.

प्रोटेस्टंटांमध्येही यावर एकमत कधीच नव्हतं. १५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. ल्यूथरने वचनाचे शब्द खडूने मेजावर लिहिले आणि त्यांवरून तो हटला नाही. झ्विंग्लीच्या मते ते शब्द खुणेचे होते. बाकीच्या बहुतेक मुद्द्यांवर जुळलं, प्रभुभोजनावर फिसकटलं.

मग उत्पत्तीचं पुस्तक काढलं की पारडं पुन्हा फिरतं. सहा दिवसांत सृष्टी हे शब्दशः खरं मानणारे प्रामुख्याने काही प्रोटेस्टंट गटांत सापडतात. १९२५ मध्ये अमेरिकेत डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल शिक्षकावर खटला झाला, तो त्याच आग्रहातून. पोप बारावे पायस यांनी मात्र १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास व्हायला हरकत नाही असं सांगितलं, आत्मा देवच निर्माण करतो ही अट घालून. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त मांडणारे जॉर्ज लमेत्र तर कॅथलिक धर्मगुरूच होते. गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा देणारं चर्चही हेच, हे विसरून चालणार नाही.

म्हणून खरा वाद अक्षराचा नसून अधिकाराचा आहे. कोणतं वचन जसंच्या तसं घ्यायचं, हे कोणी ठरवायचं? ल्यूथरने १५२१ मध्ये वर्म्सला सम्राटासमोर शास्त्राला आणि आपल्या विवेकाला साक्ष ठेवलं. ट्रेंटने १५४६ मध्ये उलट बजावलं की चर्चच्या अर्थाविरुद्ध कोणी स्वतःचा अर्थ लावू नये.

या दोन वृत्तींची मराठीतली रूपं पाहण्यासारखी आहेत. जेझुइट फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ बायबलचं भाषांतर करत नाही. ते कथा ओव्यांत नव्याने सांगतं, गुरूने शिष्याला समजवावी तशी. दोनशे वर्षांनी बंगालातल्या श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथांच्या मदतीने थेट वचनच मराठीत आणलं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या अँग्लिकन संन्यासिनी सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्रांत त्या हट्टाने सांगत राहिल्या की बायबलमध्ये स्वतःला जे सापडेल तेच मान्य. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवलं. एवढी निष्ठा अन् एवढी मेहनत क्वचितच पाहायला मिळते.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ मध्ये दार बरंच किलकिलं केलं: सर्व श्रद्धावंतांना बायबल खुलं असावं, इतर ख्रिस्ती पंथांबरोबर मिळून भाषांतरही करावं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ या बदललेल्या हवेतलंच. त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. भाकरीचा तंटा मात्र मिटलेला नाही. दोह्यात कॅथलिक नवरा आणि प्रोटेस्टंट बायको एकाच गाडीतून संकुलात आली, तरी कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे मिस्सेतलं ख्रिस्तशरीर तिला एरवी दिलं जात नाही. मृत्यूसमीप असण्यासारख्या गंभीर प्रसंगी, आणि तेही त्या भाकरीविषयीची कॅथलिक श्रद्धा तिला मान्य असेल तरच, धर्मगुरू ते देऊ शकतो.